दारू सोडलेला जावई

मोतीलालनं दारू सोडली तेव्हा अख्ख्या फोपनारनं मारुतीपुढं नारळ फोडले. तो गावचा जावई. मथुराबाईची लीला त्याला दिलेली. बुऱ्हाणपूरला राहायचा आणि केळीच्या एका अडत्या शेठची मोटार चालवायचा. त्या काळी मोटार चालवणारा जावई म्हणजे केवढी ऐट. पण दिवस कलला की हा टुन्न. लीलाच्या पाठीवर वळ दिसायला लागले तेव्हा पंचांनी त्याला बोलावून घेतलं आणि मारुतीपुढं बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान अन् भंडारा मुठीत धरून बोललेला बोल मोडायचा नसतो. त्यात आमच्या गावाची एक खोड अशी, की जावयानं शपथ घेतली तर गाव त्याला जामीन राहतं. पाच जाणती माणसं त्याच्या मुठीवर हात ठेवतात. उद्या तो घसरला तर दोष त्या पाचांना. लीलाचा सख्खा काका म्हणून चुडामणनंही हात ठेवला होता.

मोतीलालनं शपथ पाळली, हे मी आधीच सांगून टाकतो. दारूच्या थेंबाला तो शिवला नाही. पण पिंपातून पेट्रोल काढायचं तर रबरी नळी तोंडानं ओढावी लागते. एक दिवस ओढ जरा जास्त बसली, डोकं गरगरलं, आणि त्या गरगरण्यात त्याला जुनी ओळखीची मजा सापडली. मग चिंधी आली. पेट्रोलात भिजवायची, मुठीत दाबायची, नाकाशी नेऊन लांब श्वास ओढायचे. ड्रायव्हरच्या अंगाला पेट्रोलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार? कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

कळलं फक्त लीलाला. दिवाळीला माहेरी आली तेव्हा विहिरीवर धुणं धुताना तिनं चुडामणच्या बायकोला, धुरपदाबाईला, हळूच सांगितलं.

"काकू, हे चिंधी हुंगतात."

"कायची चिंधी?"

"पेट्रोलची. मंग उगाच हसत बसतात. परवा भिंतीशी बोलून राह्यले होते."

"दारू तं पीत नाही ना?"

"नाही."

"मंग तंबाखू समज माय," धुरपदा म्हणाली आणि गोधडी दगडावर आपटायला लागली.

लीला पुन्हा धुण्याला लागली. तिनं आणखी काही सांगावं असं धुरपदालाही वाटलं नाही. मारणारा नवरा मारेनासा झाला, एवढं पुष्कळ होतं.

पौषातली गोष्ट. चुडामण आणि धुरपदा केळीचे घड गाडीत भरून बुऱ्हाणपूरच्या स्टेशनाकडं निघाले होते. ऊन चांगलं वर आलेलं. चुडामण पुढं धुऱ्यावर, धुरपदा मागं घडांवर हात ठेवून, पाय खाली सोडून. सडक अरुंद, दोन्हीकडं पांढऱ्या मातीच्या उतरत्या कडा. समोरून शेठची मोटार आली. आली ती सरळ नव्हतीच, कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. चुडामण धुऱ्यावर उभा राहिला, हात वर करून ओरडला आणि कासरा ओढून बैल पार मातीत उतरवले. गाडीचं एक चाक सडकेखाली गेलं. तरी मोटार तिकडंच आली.

धुरपदानं मान वळवून पाहिलं तेव्हा मोतीलाल तिला स्वच्छ दिसला. एक हात चक्रावर, दुसऱ्या हातातली चिंधी नाकाशी. डोळे उघडे होते आणि तो हसत होता.

डाव्या बाजूचा बैल जागीच गेला. जू मोडलं, गाडी कलंडली आणि चुडामणचा उजवा पाय धुऱ्याखाली गुडघ्यापासून चेंदला. घड सडकभर झाले. धुरपदा मातीवर फेकली गेली, तिला खरचटलं तेवढंच. ती उठली, नवऱ्याजवळ गेली, पाय पाहिला आणि पदर फाडून तो करकचून बांधला. मोतीलाल मोटारीतून उतरला होता. बैलापाशी उभा राहून म्हणत होता, "काय झालं? काकू, काय झालं?" त्याला खरंच कळलेलं नव्हतं.

हवालदार आला तोवर मोतीलाल भानावर येऊन रडत होता. हवालदार नवा, राज्यं एकत्र झाल्यावर इंदूरकडून बदलून आलेला. मराठीचा गंध नाही. त्यानं धुरपदाला विचारलं, "बाई, ड्रायव्हर पिया हुआ था क्या?"

धुरपदा मांडीवर नवऱ्याचं डोकं घेऊन बसली होती. चिंधी, नाक, पेट्रोल हे सगळं या परक्या माणसाला सांगायचं कसं, आणि सांगितलं तरी हा हसेल, असं तिला वाटलं. नशा म्हणजे दारू. पोलिसाला तेच कळतं.

"हां," ती म्हणाली. "दारू प्याला होता. लई प्याला होता."

हवालदारानं लिहून घेतलं आणि तिचा अंगठा घेतला. मोतीलालला त्यानं दवाखान्यात नेऊन डॉक्टरपुढं उभं केलं. त्याच दवाखान्यात चुडामणचा पाय गुडघ्यातून कापला.

बेफाम मोटार चालवून माणसाचा पाय मोडला म्हणून मोतीलालवर खटला झाला, आणि धुरपदाच्या बोलण्यावरून नशेचंही कलम लागलं. कोर्टाच्या दोन पेश्या, म्हणजे तारखा, होईतो फोपनारला बातमी आली, आणि गाव उलटलं ते मोतीलालवर नाही, धुरपदावर. बेलभंडार उचललेल्या माणसावर दारूचा आळ? म्हणजे पंच खोटे, मारुती खोटा, हात ठेवणारे पाचही खोटे. आणि त्या पाचांत हिचाच नवरा. बायका पाणवठ्यावर तिच्याशी बोलेनात. जाऊ मथुराबाई ओसरीवर येऊन, उभ्याउभ्याच, बोलून गेली.

"माया पोरीचं घर उठवून तुले काय भेटणार हाये धुरपदा?"

"जिजी, त्यायचा पाय गेला."

"पाय गेला त्याचं मले दुखत नाही का? मायाच दीर हाये तो. पण दारूचं नाव कशाले घेतलं? तुले माहीत होतं, जावई पीत नाही."

धुरपदानं खाली मान घालून लसूण सोलला.

माघ लागला. केळीला पाणी हवं होतं. मोट ओढायला दोन बैल लागतात आणि गोठ्यात एकच उरला होता. धुरपदा जोडीचा बैल मागायला गावभर फिरली. एकाचा बैल लंगडत होता, एकाचा पाहुण्याकडं गेला होता. तिसऱ्यानं तर गोठ्यात बैल रवंथ करताना दिसत असून सांगितलं, "घरी नाही माय." ती परत आली आणि कळशीनं पाणी घालायला लागली. कळशी भरायची, डोक्यावर घ्यायची, झाडाच्या आळ्यात ओतायची. मानेची शीर सुजली. केळीच्या चिकानं तिच्या लुगड्यावर काळे डाग पडले, ते जात नाहीत. पानं कडेनं करपायला लागली तशी ती जास्तच चिडून पाणी ओढायची.

चुडामण खाटेवर बसून राहायचा. आखूड झालेल्या पायावर फडकं गुंडाळलेलं, माश्या बसू नयेत म्हणून हातात पंखा. नसलेल्या पावलाला खाज सुटते म्हणायचा आणि खाटेचा लाकडी खूर खाजवायचा. त्याला त्या सकाळचं घड भरल्यापर्यंतच आठवत होतं. पुढचं सगळं पुसलं गेलेलं. आणि लोक भेटायला यायचे ते नेमकं तेच उकरायचे.

"चुडामणभाऊ, डुलकी लागली असंन तुमाले. गाडीवर लागते."

"लागली असंन," चुडामण म्हणायचा.

धुरपदाचा जीव तिळतिळ तुटायचा. "काही लागली नव्हती. तुमी उभे होते धुऱ्यावर. हात करून ओरडले तुमी. बैल मातीत घेतले. म्या पाह्यलं."

चुडामण तिच्याकडं बघायचा, रागानं नाही, पण दुरून बघितल्यासारखं. "तू तं दारू बी म्हटलं होतं."

नवऱ्यानंसुद्धा तिचा शब्द खोटा धरला होता. आणि हा माणूस दिवसभर खाटेवर बसून, आपण झोपलो आणि आपला बैल मारला, हे स्वतःला पढवत होता. बैलाचं नाव निघालं की तोंड फिरवायचा. जेवण अर्ध्यावर आलं. पाय गेला त्याचं तिनं सोसलं असतं. पण हे तिला सोसत नव्हतं. मोतीलालला किती शिक्षा होते याच्याशी तिला फारसं घेणं नव्हतं. मोठ्या साहेबानं भर कोर्टात एकदा म्हणावं, की गाडीवान जागा होता, चूक मोटारवाल्याची होती. साहेबाचं तरी हा ऐकेल.

आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, लीला माहेरी आली. पाचवा महिना. गावात लिंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या, पण लीला झोक्यावर गेली नाही. धुरपदानं तिला मळ्यात गाठलं.

"लीले, तू कोर्टात सांग. चिंधीचं सांग फक्त. तुले तं सारं माहीत हाये."

लीला पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "काकू, वकील म्हणे, नशा ठरली तं जेल होते. लायसन जाते. शेठ दारात उभं करणार नाही."

"अजून हुंगतो का?"

"हुंगतात."

"अन् मोटार चालवतो?"

"चालवतात."

"मंग उद्या अजून कोणाच्या अंगावर घालंन तो. तुयाच पोराच्या अंगावर घालंन."

लीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, नका ना असं बोलू. मायं पोट दिसते ना तुमाले? मी कोठी जाऊ?" आणि ती वळून, पोटाला हात लावून, केळीच्या रांगेतून घराकडं निघून गेली.

शेवटची पेशी जेठात आली. धुरपदा नवऱ्याला उसनवार गाडीतून घेऊन गेली. गाडी जसोंडी गावच्या मामेभावाची, आपल्या गावानं दिली नव्हती. चुडामणला काखेतल्या काठीची सवय झालेली नव्हती. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो दोनदा बसला. आमच्या गावची माणसं शेठच्या मोटारीतून आली. मोटार मोतीलालनंच चालवत आणली होती.

त्याचे वकील श्रीकांतराव, शेठनं दिलेले. बुऱ्हाणपूरचं जुनं घराणं, आवाज गोड. त्यांनी आधी गावची चार माणसं उभी केली. चौघांनी शपथेवर सांगितलं, मोतीलाल दारू पीत नाही. खोटं कुणीच बोललं नाही. मग डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, तोंडाला दारूचा वास नव्हता, पेट्रोलचा होता.

"ड्रायव्हरच्या तोंडाला पेट्रोलचा वास येणं यात काही नवल?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"नाही."

मग धुरपदाची पाळी आली. पिंजऱ्याचा कठडा तिच्या छातीपर्यंत येत होता. तिनं पदर नीट घेतला आणि सरकारी वकिलानं विचारताच सगळं एका दमात सांगितलं. चिंधी, नाक, हसणं, चुडामणचा वर केलेला हात, मातीत उतरलेलं चाक. या वेळी तिनं एक अक्षर खोटं सांगितलं नाही.

श्रीकांतराव उठले. "बाई, पोलिसांना तुम्ही काय सांगितलं होतं?"

"दारू प्याला होता म्हून."

"ते खरं होतं?"

"नाही."

"म्हणजे खोटं सांगितलंत."

"मले वाटलं, पोलिसाले तसंच समजंन."

"आता डॉक्टर म्हणतात दारू नव्हती, तर तुम्ही म्हणता पेट्रोल. पुढच्या पेशीला काय म्हणाल? रॉकेल?"

मागं बसलेली माणसं हसली. आमच्याच गावची. धुरपदाचे कान तापले. ती कठडा धरून उभी राहिली. "साहेब," ती मॅजिस्ट्रेटकडं बघून म्हणाली, "एक डाव खोटं बोलली मी. मंग काय जलमभर खोटीच का?"

मॅजिस्ट्रेट माणूस वाईट नव्हता. त्यानं हसणाऱ्यांना दटावलं आणि डॉक्टरला परत बोलावून विचारलं, पेट्रोल हुंगून नशा येते का. डॉक्टर जरा घुटमळले. म्हणाले, येत असावी. क्लोरोफॉर्मनं माणूस गुंगतो हे ठाऊक आहे, पण पेट्रोलचा असा रोगी आपण पाहिला नाही, आणि त्या दिवशी आपण फक्त दारूच तपासली, कारण पोलिसांनी तेच लिहून आणलं होतं. श्रीकांतरावांनी पुढं होऊन सांगितलं, मोटारीच्या कायद्यात दारू आणि मादक औषध असं म्हटलंय. पेट्रोल ना पिण्याची दारू, ना औषध. चिंधी पाहिलेलं माणूस एकच, आणि तिनं स्वतः खोटं बोलल्याचं कबूल केलंय.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल वाचला. मॅजिस्ट्रेट हिंदीत बोलत होता, सावकाश. नशा साबित नाही होती. जखमीची बायको एकमेव साक्षीदार, तिचा शब्द भरवशाचा नाही. गाडीवानाला स्वतःला काही आठवत नाही. तो त्या वेळी झोपेत असणं अशक्य म्हणता येत नाही. संशयाचा फायदा मुलजिमाला. बरी, म्हणजे निर्दोष सुटला.

धुरपदानं नवऱ्याकडं पाहिलं. चुडामण बाकावर बसून मान हलवत होता. "बरोबर म्हणते साहेब," तो हळू म्हणाला. "झोपलोच असंन मी." त्याच्या चेहऱ्यावर दुःखही नव्हतं, सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघून धुरपदाला हंबरडा फोडावा वाटला. ज्या साहेबाच्या तोंडून ऐकायला ती चार-पाच महिने कळशीनं पाणी ओढत थांबली होती, त्याच साहेबानं ते उलटं शिक्कामोर्तब करून दिलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. शेठची मोटार फाटकाशी लावलेली. आमची माणसं सावलीला उभी राहून मोतीलालच्या पाठीवर हात ठेवत होती. मथुराबाई होती, लीला होती, सहावा-सातवा महिना लागलेली. मोतीलाल गर्दीतून निघून चुडामणजवळ आला आणि वाकून त्याच्या उरलेल्या पायाला हात लावला. त्याचे डोळे लाल होते. रडून की कशानं, सांगता येणार नाही.

"काका, बैलगाडीत हाल होतीन तुमचे. मोटारीत बसा. मी घरी सोडतो."

चुडामण संकोचला. जावई वाकून बोलावतोय, नाही कसं म्हणायचं. तो काठी सावरून मोटारीकडं निघालासुद्धा. धुरपदा "अहो" म्हणाली, पण त्यानं ऐकलं नाही. तिचं ऐकायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

मोटारीच्या दाराशी लीला उभी होती. तिनं दार उघडलं नाही. काकाच्या दंडाला धरलं.

"काका, या मोटारीत नका बसू."

"काउन व?"

"हे शुद्धीवर नाहीत." आवाज चढला नव्हता, पण भोवतालच्या सगळ्या माना वळल्या. "त्या दिवशीही नव्हते. तुमी झोपले नव्हते काका. धुऱ्यावर उभे होते, हात केला, ओरडले. यायनंच मले सांगितलं घरी येऊन. म्हणे, काका दिसून राह्यले होते, पण मले हसूच आवरत नव्हतं."

मोतीलालनं मान खाली घातली. नाही म्हणाला नाही. फाटकाशी श्रीकांतराव पानाला चुना लावत उभे होते, त्यांनीही ऐकलं. टांगेवाल्याला हाक मारून ते बसून गेले. निकाल झाला होता.

"लीले, थोबाड बंद कर," मथुराबाई म्हणाली.

धुरपदाला पोरीला पोटाशी धरावं वाटलं आणि त्याच हातानं एक ठेवूनही द्यावी वाटली. "हे आत का नाही बोलली?"

"आत बोलली असती तं हे जेलात गेले असते," लीला म्हणाली. "इथी बोलली तं मीच घराबाहीर जाईन. तेवढंच होईन."

तसंच झालं. मोतीलाल तिच्याकडं न बघता मोटारीत बसला. आमची माणसं क्षणभर एकमेकांकडं बघत राहिली. पण आत्ताच शपथेवर ज्याची बाजू घेतली त्याच्या मोटारीत बसायचं नाही, म्हणजे आपणच आपल्याला खोटं पाडायचं. एक जण चढला, मग दुसरा. मथुराबाईनं पोरीला एकदा हाक मारली. लीला हलली नाही, तेव्हा तीही पदरानं नाक पुसत जाऊन बसली.

चुडामण काठीवर रेलून उभा होता. "ओरडलो होतो मी?" त्यानं विचारलं.

"हो काका."

"बैल मातीत घेतले होते?"

"घेतले होते."

मोटार सुरू झाली, मागं सरकली आणि फाटकातून बाहेर पडायला वळली. वळताना जराशी या अंगाला, जराशी त्या अंगाला गेली. चुडामणनं काठी टाकून दिली. एका पायावर उडी घेत त्यानं बायकोला एका हातानं आणि पुतणीला दुसऱ्या हातानं दंडाला धरलं, दोघींना सडकेवरून पार खाली, नालीच्या कडेला ओढलं, आणि मोटार दिसेनाशी होईपर्यंत सोडलं नाही.